हात चोळत न बसलेला विकर्ण

वाचक विचारतात

घरच्यांची बाजू आणि न्यायाची बाजू वेगळी झाली की माणूस काय करतो, या विषयावर महाभारतातल्या पात्रांबद्दल प्रश्न मागवले होते. भीष्म-विदुरांबद्दल पत्रं येतील असं वाटलं होतं. आली ती बहुतेक विकर्णाबद्दल. दुर्योधनाचा हा सख्खा धाकटा भाऊ भर द्यूतसभेत द्रौपदीच्या बाजूने बोलला, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. त्यापुढचं फारसं कुणी सांगत नाही. निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : मूळ संहितेत हा प्रसंग नेमका कुठे आहे? वेगवेगळ्या प्रतींत अध्यायांचे आकडे जुळत नाहीत. (एक शिक्षिका, सातारा)

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीत पाहा : सभापर्व, अध्याय ६१, श्लोक ११ ते २४. या पर्वाचं संपादन फ्रँकलिन एजर्टन यांनी केलं. गीता प्रेसच्या प्रतीत हाच प्रसंग ६८व्या अध्यायात येतो. चिकित्सक आवृत्तीत हस्तलिखितं ताडून पाहून, मागाहून शिरलेला मजकूर तळटीपांत आणि परिशिष्टांत हलवलेला आहे. त्यामुळे अध्याय पुढेमागे सरकतात. आकड्याच्या मागे न लागता 'याज्ञसेन्या यदुक्तं तत्' (याज्ञसेनी म्हणजे द्रौपदी) हा चरण शोधा, तिथे विकर्णाचं बोलणं सुरू होतं.

तो स्वतः बोलतो ते जेमतेम अकरा श्लोक. आधी पाच, मग सहा. मधले दोन श्लोक निवेदकाचे, आणि प्रसंगाचा जीव त्या दोन श्लोकांत आहे. पहिल्यात सांगितलंय की विकर्णाने पुन्हा पुन्हा विचारूनही राजे 'बरोबर' म्हणाले नाहीत की 'चूक'ही म्हणाले नाहीत. दुसऱ्यात येतं : 'पाणिं पाणौ विनिष्पिष्य निःश्वसन्निदमब्रवीत्'. तळहातावर तळहात चोळून, सुस्कारा टाकून तो बोलला. मराठीत 'हात चोळत बसणं' म्हणजे काही करता न येणं, नुसती चडफड. विकर्णही हात चोळतो, पण बसत नाही. त्याच्या पुढच्याच वाक्याचा अर्थ असा : राजेहो, तुम्ही उत्तर द्या किंवा देऊ नका, मला जे न्याय्य वाटतं ते मी सांगणार.

वर्गात शिकवणार असाल तर फक्त ६१वा अध्याय घेऊ नका. ५८ ते ६३ असे सहा अध्याय सलग वाचा. ५८मध्ये युधिष्ठिर भावांना, मग स्वतःला, मग द्रौपदीला पणाला लावतो. हा क्रम डोक्यात पक्का नसेल तर विकर्णाच्या युक्तिवादातला अर्धा भाग हातून निसटतो.

प्रश्न : विकर्णाचं म्हणणं भावनेचं होतं की कायद्याचं? त्याचे मुद्दे सुटे करून सांगाल का? (वकिली करणारे एक वाचक, नागपूर)

कायद्याचं, आणि तेही काटेकोर. आधी वादाचा प्रश्न पाहू. द्रौपदीने सभेला विचारलं होतं की युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला? त्यावर भीष्मांनी दोन्ही बाजू मांडल्या. जो स्वतःचाच मालक उरला नाही तो दुसऱ्याचं काही पणाला लावू शकत नाही. पण पत्नी पतीच्या अधीन असते हेही आहे. धर्म सूक्ष्म आहे, मला निवाडा करता येत नाही. म्हणजे खटला ऐकला, निकाल मात्र दिला नाही.

विकर्ण निकाल देतो. त्याची कारणं पाच. राजांची चार व्यसनं सांगितली आहेत : शिकार, मद्य, फासे आणि विषयासक्ती, व्यसनात बुडालेल्या माणसाने केलेली गोष्ट लोक मानत नाहीत, आणि युधिष्ठिर तेव्हा तशाच अवस्थेत होता. दुसरं, तो आपणहून नव्हे, जुगाऱ्यांनी बोलावल्यामुळे खेळला. तिसरं, द्रौपदी पाचही पांडवांची. एकट्याने तिला कसं लावावं? चौथं, तो स्वतःला आधीच हरला होता. पाचवं, द्रौपदीचं नाव त्याने काढलं नाही, पैज लावून घेण्यासाठी शकुनीने काढलं. हे सगळं पाहता मी तिला जिंकलेली मानत नाही, इथे तो थांबतो.

यातला सगळ्यात भक्कम मुद्दा चौथा. मात्र तो विकर्णाचा स्वतःचा शोध नाही. त्याआधी ५९व्या अध्यायात विदुराने दुर्योधनाला हेच बजावलं होतं की राजा स्वतःचा धनी नसताना त्याने तिला पणाला लावली, त्यामुळे ती दासी झालेली नाही. विकर्ण गप्प बसलेल्यांत विदुराचंही नाव घेतो, ते वाचताना विदुरावर अन्याय होतोय असं वाटतं. पण द्रौपदी सभेत येऊन तिने प्रश्न विचारला, त्यानंतर विदुर अजून बोललेला नव्हता. विकर्णाचा रोख त्या गप्प बसण्यावर आहे. पाचवा मुद्दा मात्र त्याचा खास. कागद कुणी पुढे केला आणि सही कुणी मागितली, हे पाहणाऱ्याची ती नजर आहे.

कर्णाने जे खोडून काढलं तेही पाहा, नाहीतर वाद एकतर्फी वाटतो. त्याचं म्हणणं : सर्वस्व पणाला लावलं तेव्हा द्रौपदी त्या सर्वस्वातच आली, तिचं नाव मोठ्याने घेतलं गेलं आणि पांडवांनी ते मान्य केलं, मग ती न जिंकलेली कशी? त्यानंतर तो युक्तिवाद सोडतो आणि द्रौपदीच्या चारित्र्यावर घसरतो. वाद हरायला लागल्यावर माणूस काय करतो, ते व्यासांनी इथे शब्दशः टिपलं आहे.

एक गोष्ट मान्य करायला हवी. पत्नीला पणाला लावताच येत नाही, असं विकर्ण म्हणत नाही. 'ती सगळ्यांची' हा त्याचा मुद्दा आजच्या वाचकाला खटकतो, आणि खटकायलाच हवा. तो त्याच सभेच्या नियमांत राहून बोलतो. म्हणूनच त्याचं बोलणं कुणाला 'हे आमच्या धर्मात बसत नाही' म्हणून उडवून लावता आलं नाही.

प्रश्न : मुलगा नववीत आहे. शाळेच्या स्पर्धेत सात मिनिटांचं 'विकर्ण' हे एकपात्री करायचं आहे. संहिता कशी बांधावी? (एक पालक, ठाणे)

सात मिनिटं असली तरी संहिता ६०० शब्दांच्या वर नेऊ नका. या प्रसंगाला शांतता लागते. शब्द जास्त झाले की मुलगा धावायला लागतो आणि थांबायच्या जागा सगळ्यात आधी जातात.

सुरुवात ओरडण्याने नको. भीम संतापून युधिष्ठिराचे हात जाळायला निघालाय, सहदेवाला 'अग्नी आण' म्हणालाय, अर्जुनाने त्याला आवरलंय. विकर्ण उठतो तो त्यानंतर. एवढं अर्ध्या मिनिटात निवेदनातून सांगा. मग पहिली हाक : राजेहो, याज्ञसेनीने विचारलंय त्याचं उत्तर द्या. इथे पूर्ण पाच सेकंद थांबायचं. पाच सेकंद मंचावर फार वाटतात, सरावात घड्याळ लावून थांबायला शिकवा. दुसरी हाक भीष्म आणि धृतराष्ट्र यांच्याकडे पाहून; पुन्हा शांतता. तिसरी द्रोण-कृपांकडे. या तीन हाकांना मिळून दोन मिनिटं द्या. मग हात चोळायचे, सावकाश, प्रेक्षकांना दिसतील असे छातीच्या उंचीवर. पुढची तीन मिनिटं त्या पाच कारणांची, प्रत्येकाला वेगळी जागा. बोटं मोजू नयेत, ते वर्गातल्यासारखं दिसतं.

चुका ठरलेल्या असतात. मुलं दुर्योधनाला उद्देशून बोलायला लागतात. मूळ श्लोकांत विकर्ण दुर्योधनाचं नावही घेत नाही, तो राजांना आणि कौरवांना विचारतो. द्रौपदीकडे वळून 'वहिनी, मी आहे' वगैरे वाक्यं घातली जातात. तो तिच्याशी बोलतच नाही, आणि तसं केलं की न्यायाची गोष्ट दयेची होऊन बसते. तिसरी चूक म्हणजे शेवटी श्रीकृष्ण आणणं. टाळ्या मिळतात, पण त्या विकर्णाच्या नसतात. शिवाय बापासमोर बोलतोय हे विसरलं जातं. धृतराष्ट्र समोर बसलाय आणि मुलगा भर सभेत म्हणतोय की कुरूंमधले हे दोघे सर्वांत वडीलधारे, पण काही बोलत नाहीत. ते वाक्य म्हणताना आवाज चढता कामा नये, उलट थोडा खाली यावा. वडिलांना जाब विचारणाऱ्या मुलाचा आवाज कसा निघतो, ते मुलाला घरीच विचारून पाहा.

शेवट 'मी तिला जिंकलेली मानत नाही' या वाक्यावर करा. हवं तर वीस सेकंद निवेदन : सभेत मोठा गलका झाला, लोकांनी विकर्णाची वाहवा केली, शकुनीची निंदा केली, आणि मग कर्ण उठला. तिथेच मंच सोडायचा.

प्रश्न : पण त्याच्या बोलण्याने साधलं काय? वस्त्रहरण तर थांबलं नाही. (एक वाचक, कोल्हापूर)

थांबलं नाही, आणि त्याहून जड गोष्ट अशी की वस्त्रं ओढायची आज्ञा विकर्णाला उत्तर म्हणूनच निघते. कर्ण दुःशासनाला सांगतो की हा विकर्ण पोर आहे, शहाण्यासारखं बोलू पाहतो. तू पांडवांची आणि द्रौपदीची वस्त्रं काढून घे. शब्द वापरलाय 'प्राज्ञवादिक', म्हणजे शहाणपणाच्या गोष्टी करणारा. आपल्याकडे मोठी माणसं बसलेली असताना धाकटा खरं बोलला की 'फार शहाणा झालास का' म्हणतात ना, तोच सूर.

मग त्याचा उपयोग? त्याच अध्यायात पुढे विदुर उठतो आणि म्हणतो की विकर्णाने आपल्या बुद्धीप्रमाणे प्रश्नाचं उत्तर दिलं, आता तुम्हीही द्या. म्हणजे सभेत एक निकाल नोंदला गेला होता आणि विदुराला त्याच्यावर बोट ठेवता आलं. लगेच तो प्रल्हादाची गोष्ट सांगतो. प्रल्हादाचा मुलगा विरोचन आणि अंगिरसांचा मुलगा सुधन्वा यांच्यात श्रेष्ठ कोण यावरून प्राणांची पैज लागते, आणि दोघे निवाड्याला येतात प्रल्हादाकडेच. प्रल्हाद कश्यपांना विचारतो की साक्षीदाराने जाणूनबुजून तोंड मिटलं तर काय होतं? उत्तरात चक्क हिशेब आहे. निंद्य गोष्टीची सभेत निंदा झाली नाही, तर पापाचा अर्धा भाग सभेच्या प्रमुखाकडे जातो, पाव करणाऱ्याकडे आणि पाव गप्प बसलेल्या सभासदांकडे. काम, क्रोध किंवा भय यांमुळे माहीत असून उत्तर न देणारा वरुणाचे हजार पाश स्वतःवर ओढून घेतो आणि वर्षाला एक पाश सुटतो. हे ऐकून प्रल्हाद स्वतःच्या मुलाच्या विरुद्ध निकाल देतो. सुधन्वा प्रसन्न होऊन म्हणतो, पुत्रस्नेह सोडून तू धर्माला धरलंस, तुझा मुलगा शंभर वर्षं जगो.

ही गोष्ट कुणासमोर सांगितली जातेय ते पाहा : सभेचा प्रमुख असलेल्या बापासमोर. अर्धा वाटा त्याचा, कृत्य करणाऱ्याच्या दुप्पट. विकर्णाने आपल्या नावचा पाव वाट्यातला हिस्सा नाकारला, हे त्याचं त्या दिवसाचं काम. बाकीचे राजे विदुरानंतरही गप्पच राहिले.

प्रश्न : एवढं कळत होतं तर तो दुर्योधनाकडूनच का लढला? युयुत्सू गेलाच ना पांडवांकडे? (एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

युयुत्सू हा धृतराष्ट्राचा वैश्य स्त्रीपासून झालेला मुलगा. युद्ध सुरू होण्याच्या तोंडावर युधिष्ठिराने दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभं राहून 'आमच्याकडे यायचं असेल त्याने यावं' अशी हाक दिली आणि युयुत्सू गेला. ही भीष्मपर्वातली गोष्ट. तो युद्धातून वाचला, आणि पांडव महाप्रस्थानाला निघताना परीक्षिताला गादीवर बसवून राज्याची काळजी याच युयुत्सूवर सोपवून गेले.

ती हाक विकर्णालाही ऐकू गेली असणार. तो गेला नाही, आणि व्यासांनी त्याचं कारण दिलेलं नाही. इथे बरेच लेखक स्वतःची कारणं घुसडतात : आईवर माया होती, भावाला वचन दिलं होतं. संहितेत असं काही नाही. जे आहे ते सांगतो. द्यूतानंतर विकर्ण घराशी फटकून वागला नाही. विराटाच्या गाई पळवायला तो गेला होता. तिथे हत्तीवरून अर्जुनावर चालून गेला, हत्ती पडला तेव्हा उतरून आठशे पावलं पळत जाऊन विविंशती या भावाच्या रथावर चढला. गीतेच्या पहिल्याच अध्यायातल्या आठव्या श्लोकात दुर्योधन आपल्या बाजूचे वीर मोजतो, त्यात अश्वत्थाम्याच्या शेजारी 'विकर्णश्च' आहे. ज्या भावाच्या विरुद्ध तो बोलला, तो भाऊ त्याला आपल्या खास माणसांत धरतो.

त्याला दुटप्पी म्हणणं आम्हाला पटत नाही. युद्धात तो चुकीच्या बाजूला होता, हे मात्र स्पष्ट म्हणावं. त्याने खरं सांगितलं आणि घरही सोडलं नाही. त्याची किंमत प्राणांनी चुकवली. एका माणसाकडून दोन्ही धैर्यं मागायची की नाही, यावर वर्गात जरूर वाद घाला. युयुत्सूला आधी ठेवलंत तरी आमची हरकत नाही.

प्रश्न : मी कथा लिहिते. वडिलोपार्जित जमिनीवरून दोघे भाऊ बहिणीकडून हक्कसोडपत्र करून घेताहेत, तिसरा धाकटा तिच्या बाजूने उभा राहतो. पण तो सारखा उपदेशक वाटतो. काय चुकतंय? (एक वाचक, बेळगाव)

बहुधा तो अन्यायाबद्दल बोलतोय, कागदाबद्दल नाही. विकर्ण उपदेशक वाटत नाही, कारण त्याच्यासमोर एक ठरावीक प्रश्न आहे आणि तो त्याच प्रश्नाचं उत्तर देतो. तुमच्या धाकट्यालाही एक प्रश्न द्या : ताईने सही केली ती कागद वाचून, की दादाने बोट ठेवलं तिथे? हक्कसोडपत्र नोंदवायला दुय्यम निबंधकाकडे जावं लागतं, साक्षीदार लागतात. धाकट्याला साक्षीदार करा. सगळे घरून जेवून निघालेत, ताईने सगळ्यांना वाढलंय, कार्यालयाच्या व्हरांड्यात नंबर लागलाय, आणि तो पेन हातात घेऊन म्हणतो, 'मी सही करत नाही.' यापेक्षा मोठं वाक्य नको.

हिंदू वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा मिळाला, आणि तेव्हा वडील हयात असणं गरजेचं नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये स्पष्ट केलं. हे तुम्हाला माहीत असू द्या, पण पात्राच्या तोंडी घालू नका. भावांना ते आधीच ठाऊक आहे. नसतं तर हक्कसोडपत्राची घाई कशाला केली असती?

भावांनाही कर्णासारखं एक खरंच जोरकस उत्तर द्या. 'तिच्या लग्नाला काढलेलं कर्ज कुणी फेडलं?' हे वाक्य वाचकाला क्षणभर पटलं पाहिजे. आणि धाकट्याला लगेच जिंकवू नका. तो नाही म्हणाल्यावर थोरला दुसरा साक्षीदार बोलावून आणतो, असं होऊ द्या. मग संध्याकाळी त्याला परत त्याच घरी पाठवा, त्याच ताटावर. तिथे तुमची कथा सुरू होते.

प्रश्न : मेल्यावर त्याची आठवण कुणी काढतं का? (एक ज्येष्ठ वाचक, पणजी)

दोघं काढतात. युद्धाच्या चौदाव्या दिवशी भीम कर्णाशी झुंजत असताना दुर्योधन कर्णाच्या मदतीला भावांना पाठवतो, त्यांत विकर्ण असतो. भीम सगळ्यांना मारतो आणि शोक करतो तो एकट्या विकर्णासाठी : तुम्हा सगळ्यांना मारायची प्रतिज्ञा होती म्हणून तू गेलास, तू आमच्या हिताचा होतास. द्रोणपर्वात, जयद्रथवधाच्या भागात हे सापडेल.

दुसरी गांधारी. स्त्रीपर्वाच्या १९व्या अध्यायाची सुरुवातच त्याच्यापासून होते. ती कृष्णाला म्हणते, हा माझा मुलगा विकर्ण, 'प्राज्ञसंमत', जाणत्यांनी मानलेला. कर्णाने ज्या शब्दावरून हिणवलं होतं, तो शब्द आई परत आणते. मेलेल्या हत्तींच्या मध्ये तो पडलाय, निळ्या ढगांनी वेढलेल्या शरदातल्या सूर्यासारखा. आणि मग तिचं बोलणं त्याच्या हातावर येतं. धनुष्य धरून धरून घट्टे पडलेला मोठा हात, अजून तळत्राण, म्हणजे हात राखणारं आवरण, चढवलेला. गिधाडांना तो फाडायला कष्ट पडताहेत. त्याची कोवळी बायको शेजारी बसून त्यांना सारखी हाकलतेय, पण तिला ते जमत नाहीये.